सद्गुणांची यादी पाठ आहे, पण रोजच्या दिवसात ती उतरवायची कशी?

निर्मळकाठ

जय येशू, मंडळी.

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाल्यापासून, आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) प्रवचनांत, फलकांवर आणि मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एकच यादी फिरते आहे. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातली ही नऊ नावं आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून पाठ आहेत. त्यात श्रद्धा-आशा-प्रीती आणि सुज्ञता, न्याय, धैर्य, संयम या चार मूलभूत सद्गुणांची भर घाला. एवढं सगळं एकदम अंगी बाणवायचं ठरवून प्रायश्चित्तकाळ सुरू करणारी कितीतरी भली माणसं मी अभ्यासगटात पाहतो. पवित्र आठवडा येईपर्यंत ती थकून जातात आणि 'आपल्या स्वभावातच ते नाही' असं म्हणू लागतात. त्यांच्याबद्दल मला फार वाटतं, म्हणून हा धागा काढला आहे.

त्यांच्या इच्छेत काही खोट आहे असं मला वाटत नाही. अख्खी यादी एका वेळी उचलायची नसते, एवढंच. आपल्या जुन्या गुरूंनीही ती तशी उचलायला सांगितलेली नाही.

संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांची विशेष आत्मपरीक्षणाची पद्धत घ्या. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा सैनिक. त्यांनी सांगितलं, एका वेळी एकच दोष धरा. सकाळी उठताच त्या दोषापुरतं सावध राहायचं ठरवा. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मागचा वेळ तासातासाने आठवा आणि जितक्यांदा घसरलात तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर काढा. घसरल्याचं जागच्या जागी लक्षात आलं तर हात छातीला लावा. चारचौघांतही ते कुणाला कळत नाही. मग कालची रेघ आजच्या रेघेशी आणि गेला आठवडा या आठवड्याशी ताडून पाहा. कागद, पेन्सिल आणि दिवसातली थोडी मिनिटं, एवढंच लागतं.

दुसरं उदाहरण लिझ्यूच्या संत तेरेजाचं. पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली, २४ व्या वर्षी, १८९७ मध्ये क्षयाने वारली. मठाबाहेर तिने काहीही केलं नाही. मग १९९७ मध्ये चर्चने तिला आचार्यपद (डॉक्टर ऑफ द चर्च) का दिलं? तिच्या आठवणी वाचल्या की कळतं. प्रार्थनेच्या वेळी मागे बसलेली एक भगिनी सतत कसला तरी बारीक आवाज करायची. मागे वळून एक नजर टाकली असती तर आवाज थांबला असता. तेरेजाने तो आवाजच लक्ष देऊन ऐकायचा आणि प्रभूला अर्पण करायचा असं ठरवलं. धुणं धुताना समोरच्या भगिनीकडून घाण पाण्याचे शिंतोडे तोंडावर उडायचे, तेव्हा ती मागे सरकली नाही. आणि जिच्याविषयी मनातून नावड होती तिच्याशी ती इतकी प्रेमाने वागली की, तुला माझ्यात एवढं काय आवडतं, असं त्या भगिनीनेच एकदा विचारलं.

मला यातून एवढंच दिसतं की 'सहनशीलता' नावाची मोघम गोष्ट कुणालाच शिकता येत नाही. ती अमुक माणसाच्या बाबतीत, अमुक वेळेला, अमुक जागी शिकावी लागते. कुणाला ती सकाळी सातच्या विरार लोकलच्या दारात लागते, कुणाला अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना तिसऱ्यांदा चादर बदलताना.

तर तुम्ही कोणता गुण धरला आहे, कुणाच्या बाबतीत, आणि नेमकं काय करता? वचनं जरूर द्या, पण त्यासोबत तुमचा दिवसही सांगा.

नगरची_लेक

जय ख्रिस्त, दादा. धागा मनापासून आवडला. तरीही एक हरकत नोंदवते, कारण ती मला महत्त्वाची वाटते.

गलतीकरांस ते पत्र लिहिणारा पौल या नऊ गुणांना आत्म्याचं फळ म्हणतो. फळ झाडाला येतं, झाड ते जोर लावून काढत नाही. 'द्राक्षवेलात राहा, माझ्यापासून वेगळे असाल तर तुम्हाला काहीच करता येणार नाही,' हे योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू स्वतः सांगतो. आमच्या घरी आजीपासून हेच शिकवलं गेलं की आपण कृपेने तारले गेलो आहोत, कर्मांनी नव्हे. ठिपके मोजायला लागलं की दोनांपैकी एक ठरलेलं. ठिपके कमी झाले तर गर्व, वाढले तर निराशा. दोन्हीकडे नजर स्वतःवरच खिळते, प्रभूवर राहत नाही.

शिवाय मोजमापाने परूशी, म्हणजे नियमांच्या काटेकोरपणाचा अभिमान बाळगणारे, तयार होतात. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी आठवड्यातून दोनदा उपास करत होता आणि सगळ्या मिळकतीचा दशांश देत होता. त्याचा हिशेब चोख होता, पण नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

निर्मळकाठ

ताई, हरकत रास्त आहे आणि मी ती टाळणार नाही.

कृपा पहिली, यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असा वाद मला दिसत नाही. थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनीही दोन प्रकार स्पष्ट वेगळे केले आहेत. काही सद्गुण माणूस पुनःपुन्हा तसं वागून कमावतो. श्रद्धा, आशा, प्रीती मात्र देवच अंतःकरणात ओततो, त्या सरावाने मिळत नाहीत. पण मिळालेल्या गोष्टीत जगायचं तर हातपाय हलवावे लागतातच. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात बघा. देवाच्या सामर्थ्याने आपल्याला सगळं काही दिलेलं आहे हे आधी सांगितलं आहे, आणि लगेच पुढे, म्हणूनच होईल तितका प्रयत्न करून विश्वासात सात्त्विकतेची, सात्त्विकतेत ज्ञानाची, ज्ञानात इंद्रियदमनाची, त्यात धीराची भर घाला, असं एकेक करत ते प्रीतीपर्यंत नेलं आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही तेच: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे.

गर्वाचा धोका खरा आहे. म्हणूनच इग्नेशियसच्या रोजच्या परीक्षणाची सुरुवात दोषांपासून होत नाही. आधी आज मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार, मग स्वतःला नीट पाहता यावं म्हणून कृपेची मागणी, मग दिवसाची उजळणी, मग क्षमायाचना, मग उद्यासाठी निश्चय. ठिपक्यांचा कागद आभारांशिवाय हातात घेतला तर तुम्ही म्हणता तसंच होईल.

रात्रपाळी

मी नर्स आहे, मेडिसिन वॉर्डात. सलग लिहायला वेळ मिळत नाही, तुटक लिहिते, सांभाळून घ्या.

मी सौम्यता धरली आहे. जागा: वॉर्ड. वेळ: पहाटे तीन ते पाच. याच वेळात आवाज चढतो. पेशंट उठून सलाईन ओढतात, नातेवाईक दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न विचारायला येतात, डॉक्टरांना फोन लावायचा असतो, रिपोर्ट लिहायचे असतात.

माझे दोन नियम. पडदा सरकवण्याआधी बेड नंबर मनात न घेता त्या माणसाचं नाव घ्यायचं आणि 'प्रभू, दया कर' म्हणायचं. एका श्वासाचं काम आहे. दुसरा नियम, कुणी पाचव्यांदा विचारलं तरी पहिल्यांदा दिलं तेच उत्तर, त्याच शब्दांत, त्याच आवाजात द्यायचं. घाबरलेल्या माणसाला पहिल्या चार वेळा ऐकूच आलेलं नसतं, हे इतक्या रात्रींनंतर मी खात्रीने सांगू शकते.

ब्रदर लॉरेन्स यांचा मला फार आधार वाटतो. सतराव्या शतकातले पॅरिसमधल्या कार्मेल मठातले साधे ब्रदर. आधी सैनिक होते, जखमेमुळे लंगडत. मठात त्यांना स्वयंपाकघरात टाकलं, आणि ते काम त्यांना मुळात अजिबात आवडत नव्हतं. त्यांनी तिथे बरीच वर्षं काढली, पुढे चपला दुरुस्तीचं काम केलं. कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत आपल्याला फरक राहिला नाही असं ते सांगायचे, भांड्यांचा खडखडाट आणि दहा जणांच्या एकाच वेळी मागण्या चालू असतानासुद्धा. जमिनीवरची काडी उचलायची तरी देवावरच्या प्रेमाने उचलायची. हे वाचल्यापासून बेडपॅन उचलणं मला चॅपेलपासून लांब वाटत नाही.

नवी_नोकरी

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, हिंजवडीला. माझा प्रश्न विश्वासूपणाचा आहे. क्लायंटच्या कॉलआधी टीममध्ये सांगितलं जातं की टेस्टिंग पूर्ण झालं म्हणून सांग, उरलेलं रात्री बसून उरकू. सगळेच असं करतात. मी नाही म्हटलं तर मी सगळ्यांना खोटं ठरवतो असं होतं. प्रवचन न देता खरं कसं बोलायचं? आणि जेवणाच्या टेबलावर गैरहजर माणसाविषयी बोलणं सुरू झालं की काय करायचं?

नगरची_लेक

@नवी_नोकरी, तुझं होय ते होय आणि नाही ते नाही असावं, एवढंच डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे. त्यात दुसऱ्याला खोटं ठरवणं येत नाही. कॉलच्या आदल्या संध्याकाळी टीमला लेखी पाठव: इतकं तपासून झालं, इतकं बाकी आहे, त्याला अमुक वेळ लागेल. विशेषणं नकोत, तक्रारही नको. कॉलवर तुला विचारलं तर तेच वाक्य वाच. मी ऑफिसात हिशेब पाहते आणि मार्च अखेरीला हेच करते. आधी लिहून ठेवलेलं असलं की ऐन वेळी धैर्य गोळा करावं लागत नाही.

जेवणाच्या टेबलाबद्दल याकोबाचं पत्र आहे: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश. माझा साधा उपाय असा की त्या गैरहजर माणसाचं मला माहीत असलेलं एक चांगलं काम सांगायचं आणि गप्प बसायचं. विषय आपोआप वळतो, कुणाचा अपमान होत नाही. आणि रिकामे शब्द बोलण्यापेक्षा सांगण्यासारखं खरंखुरं चांगलं काम आपल्याला माहीत असावं, म्हणून माणसांकडे नीट पाहायची सवय लागते.

नवी_नोकरी

धन्यवाद, ताई. लेखी पाठवायचं सुचलंच नव्हतं. उद्यापासून करतो.

उंबरठा

मी घरगुती हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांबरोबर समुपदेशनाचं काम करते. वरचं सगळं वाचून समाधान वाटलं, पण तेरेजाच्या गोष्टीपाशी मी थांबले. घाण पाण्याचे शिंतोडे सोसणं वेगळं आणि मारहाण सोसणं वेगळं, हे स्पष्ट लिहिलं नाही तर हीच गोष्ट कुणाच्या तरी गळ्यात बांधली जाते. 'सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर, घर मोडू नकोस,' हे ऐकवून परत पाठवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सांगणारे वाईट नव्हते, त्यांना क्षमेचा अर्धाच भाग माहीत होता.

लूकच्या सतराव्या अध्यायात क्षमेच्या आधी दुसरी एक आज्ञा आहे. तुझ्या भावाने अपराध केला तर त्याचा दोष त्याला दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. उत्पत्तीतला योसेफ पाहा. भावांनी त्याला विकलं होतं. ते धान्यासाठी मिसरात (इजिप्तमध्ये) आले तेव्हा त्याच्या मनात सूड नव्हता, तो बाजूला जाऊन रडला सुद्धा. पण त्याने लगेच ओळख दिली नाही. शिमोन या भावाला ठेवून घेतलं, सगळ्यांत धाकट्या बन्यामिनाला आणायला लावलं, प्याला गोणीत ठेवून परीक्षा घेतली. बन्यामिनाऐवजी मला गुलाम करून ठेवा असं त्यांच्यातला यहूदा म्हणाला, म्हणजे माणूस खरोखर बदललेला दिसला, तेव्हाच योसेफाने 'मी योसेफ आहे' म्हटलं. बेचाळिसाव्या अध्यायापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत हा सगळा काळ आहे. मनातून वैर काढून टाकणं ही एक गोष्ट आणि पुन्हा एका छपराखाली राहणं ही दुसरी. पहिली आज सुरू करता येते. दुसरीसाठी समोरच्याचा बदल दिसावा लागतो आणि तो पाहण्याचा हक्क सोसणारीचा आहे.

माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती बहिणींना मी सांगते की २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण मागणं म्हणजे क्षमेचा भंग नव्हे. संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, आणि रात्री त्या माणसासाठी प्रार्थनाही करा, होत असेल तर. होत नसेल तर स्तोत्रं वाचा. रडून, चिडून, 'हे परमेश्वरा, किती काळ' असं विचारून केलेल्या प्रार्थना त्यात आहेत आणि त्या देवाचंच वचन आहेत.

निर्मळकाठ

उंबरठाताई, हे आधीच यायला हवं होतं असं वाटावं इतकं गरजेचं लिहिलंत. आमच्या विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गात योसेफाचा हा भाग घ्यावा असं मी सुचवणार आहे.

गोदाकाठ

जय ख्रिस्त. मी मराठवाड्यातला. आमच्या आजोबांच्या पिढीने गावकुसाबाहेरच्या वस्तीतून येऊन बाप्तिस्मा घेतला.

उंबरठाताईंनी क्षमेबद्दल म्हटलं तेच मला नम्रतेबद्दल म्हणायचं आहे. नम्रतेचं प्रवचन सगळ्यांना सारखंच ऐकवलं जातं, पण ऐकणारे सारखे नसतात. ज्याच्या बापजाद्यांना रस्त्याच्या कडेने मान खाली घालून चालायला लावलं, त्याला आणखी मान खाली घाल म्हणून सांगणं ही सुवार्ता नाही. त्याच्यासाठी नम्रतेची पहिली पायरी वेगळी आहे: मी देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालो आहे, हे खरं मानणं. स्वतःविषयी खोटं न बोलणं म्हणजे नम्रता असेल, तर स्वतःला हलकं समजणं हेही खोटंच आहे.

प्रभूकडे पाहा. महायाजकापुढे एका शिपायाने त्याला चपराक मारली. दुसरा गाल पुढे करायला शिकवणारा तोच, पण योहानाच्या अठराव्या अध्यायात तो विचारतो, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? शिवी नाही, हात उगारणं नाही, पण प्रश्न सरळ विचारलेला आहे. पौलाला फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप निघून जा म्हणून निरोप आला. तो म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. अधिकाऱ्यांना यावं लागलं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात हे आहे, आणि त्यामागे गर्व होता असं कुणी म्हणत नाही.

चार मूलभूत सद्गुणांत न्याय आहे, तो आपल्या धाग्यात नावापुरताच आला होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. या प्रश्नावर अर्ज लिहिणं, मोर्चाला जाणं, तारखांना हजर राहणं, हे माझ्यासाठी रोजच्या सद्गुणाचा भाग आहे. आणि हा प्रश्न फक्त सरकारला विचारून भागत नाही. आपल्या मंडळीत लग्न जुळवताना मूळ जात विचारली जाते की नाही, कबरस्तानात जागा कुठे दिली जाते, हेही रात्रीच्या परीक्षणात यावं.

माझा गुण धैर्य. जागा: मंडळीची सभा. तिथे हात वर करून बोलायचं, आणि बोलताना आवाज खाली ठेवायचा. दोन्ही एकाच वेळी करणं मला अवघड जातं, म्हणूनच ते धरलं आहे.

नगरची_लेक

गोदाकाठदादा, पंडिता रमाबाईंची आठवण झाली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्या श्रद्धेच्या प्रश्नांवर पत्रांतून ठामपणे वाद घालत राहिल्या. उपकार केले म्हणून माझी सदसद्विवेकबुद्धी तुमच्या स्वाधीन करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. त्याच बाई १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला देह ठेवण्याआधी ते काम पुरं केलं. छपाईसुद्धा त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनातल्या मुलींच्या हातून. त्यांच्यात सौम्यता होती की धैर्य होतं, असं निवडायला मला जमत नाही.

वारीचं_घर

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी माळ आहे. पण हा धागा सकाळपासून वाचतो आहे. रात्रीचं परीक्षण, एका श्वासाची प्रार्थना, निंदा टाळणं, हे आमच्याकडच्या नामस्मरणाच्या आणि संतसंगाच्या फार जवळचं वाटलं. रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, हे वाचलं होतं. मग तुमच्या दृष्टीने वेगळं काय आहे? खरंच समजून घ्यायला विचारतो.

निवृत्त_पाळक

आपला प्रश्न आदराने विचारला आहे, म्हणून तितक्याच आदराने उत्तर देतो.

पूल आहे, हे टिळकांनी मानलं आणि मीही मानतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही, उलट आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना अभंगात आणि कीर्तनात प्रार्थना करायला शिकवलं. आजही आमच्या उपासनेत त्यांची भजनं पेटी-तबल्यावर म्हटली जातात. संयम, अनिंदा, भूतदया हे गुण तुमच्या-आमच्यात सामायिक आहेत.

वेगळं एवढंच की आमच्यासाठी प्रत्येक गुणाला एक चेहरा आहे. सौम्यता म्हणजे काय हे आम्ही व्याख्येवरून ठरवत नाही, शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूकडे पाहून ठरवतो. क्षमा म्हणजे काय हे वधस्तंभावरून 'बापा, त्यांना क्षमा कर' म्हणणाऱ्याकडे पाहून. आणि ते आम्हाला स्वतःच्या बळावर जमणार नाही, तो आमच्यात राहून ते करतो, ही आमची श्रद्धा आहे. नगरच्या ताईंनी सुरुवातीला मांडलेलं हेच होतं.

आता मूळ विषयाविषयी दोन शब्द. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना पहिला आठवडा सोपा जातो, नंतर एक मरगळ येते. चौथ्या शतकातले इव्हाग्रियस (मृत्यू ३९९) इजिप्तच्या वाळवंटात राहत. त्यांनी आठ दुष्ट विचारांची यादी केली, त्यात ही मरगळ आहे, आणि तिचं वर्णन आजच्या कुठल्याही ऑफिसला लागू पडेल. ती सकाळी दहाच्या सुमारास येते, दुपारी दोनपर्यंत टिकते. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, संन्यासी खिडकीतून पुनःपुन्हा बाहेर बघतो, कुणी भेटायला येतंय का, जेवायची वेळ झाली का. मग त्याला वाटतं, ही जागा वाईट, हे लोक वाईट, दुसरीकडे गेलो तर देव सापडेल. उपाय म्हणून त्यांनी जागा न सोडणं सांगितलं. इग्नेशियसही तेच सांगतात: मन कोरडं झालेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नका. निश्चय बदलायचा असेल तर मन शांत असताना बदला.

आणि जे या मार्गावर थोडे पुढे जातील त्यांना दुसऱ्याचे ठिपके दिसू लागतात. त्यांच्यासाठी त्याच वाळवंटातले अब्बा मोशे आहेत, पूर्वाश्रमीचे दरोडेखोर. एका बंधूचा अपराध ठरवायला सभा भरली, त्यांना बोलावणं गेलं, ते येईनात. शेवटी आले ते पाठीवर गळकं भांडं घेऊन. लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाले, माझी पापं माझ्यामागे गळत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे. सभेने त्या बंधूला क्षमा केली.

वारीचं_घर

चेहऱ्याचं समजलं. आभारी आहे, काका. वाचत राहीन.

तिघांची_आई

इतकं सगळं मोठ्यांचं झालं, मुलांचं लिहिते. मुलांना 'उदार हो' म्हणून सांगून काही होत नाही, हातातून काहीतरी जावं लागतं. मिझोराममध्ये ख्रिस्ती घरांत १९१० च्या सुमारापासून एक रीत चालू आहे, बुहफाई थाम. स्वयंपाकाला तांदूळ घेताना प्रत्येक वेळी एक मूठ देवाच्या कामासाठी वेगळी काढायची. गरीब घरालाही ते परवडतं, कारण शिजवायला तांदूळ घेतला म्हणजे त्यातून एक मूठ निघतेच. हे वाचून आम्ही आमच्या स्वयंपाकघरात तांदळाचा डबा ठेवला. मूठ मुलांच्या हाताने टाकतो, आणि लहान मुलाची मूठ लहान असते तेवढीच पुरे. डबा भरला की गल्लीतल्या एका आजींकडे जातो. नाव लावत नाही, फोटो काढत नाही. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, हे मुलांना मत्तय सहा वाचून दाखवल्यावर त्यांनीच सांगितलं.

भांडणांसाठी इफिसकरांस पत्रातलं वचन वापरतो: सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा. रात्रीच्या प्रार्थनेत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' हे म्हणायच्या आधी थांबतो. ज्याचं ज्याच्याशी भांडण असेल त्याने एकमेकांकडे बघायचं, मग पुढचं म्हणायचं. आम्ही नवरा-बायकोही यात आलो. कधी कधी त्या थांबण्यात बराच वेळ जातो आणि मुलं पेंगतात, तरी आम्ही घाई करत नाही.

नगरची_लेक

ठिपक्यांबद्दल माझं मन अजून पूर्ण वळलेलं नाही, पण आभारांपासून सुरुवात हा भाग मला पटला. माझ्याकडून एक भर घालते. आमच्या मेथॉडिस्ट भावंडांकडे 'क्लास मीटिंग' होत्या. १७४२ मध्ये ब्रिस्टलला सभागृहाचं कर्ज फेडायला प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायची ठरलं आणि बारा-बारा जणांचे गट पाडले. पैसे गोळा करायला घरोघरी जाणाऱ्यांना लोकांची खरी स्थिती कळू लागली, तेव्हा मेथॉडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने त्याच गटांना एकमेकांच्या आत्मिक हालहवालीची चौकशी करायला लावलं. पुढच्या वर्षी साधे नियम आले: वाईट करू नका, चांगलं करा, देवाने नेमून दिलेल्या साधनांना धरून राहा.

दोष कागदाला सांगण्यापेक्षा माणसाला सांगितला तर गर्वही कमी होतो आणि निराशाही, असं मला वाटतं. या धाग्यावरच्या लोकांनी असा गट करायचा का? आठवड्यातून एकदा, फोनवर, पाऊण तास. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, कुणीही.

गोदाकाठ

मी आहे. अट एकच, गटात सांगितलेलं गटाबाहेर जाऊ नये. आणि कुणी कुणाला उपदेश करू नये, विचारल्याशिवाय.

उंबरठा

मीही. आणि कुणी घरातल्या हिंसेबद्दल बोललं तर त्याला गटाचा विषय न करता मला वेगळा निरोप द्या.

निर्मळकाठ

दोघांच्याही अटी मान्य. मग असं ठरवू. रविवारी रात्री नऊ वाजता. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: या आठवड्यात कशाबद्दल देवाचे आभार मानतो, धरलेला गुण कुणाच्या बाबतीत आणि कुठे जमला किंवा अडला, पुढच्या आठवड्यात काय करणार. प्रत्येकाला पाच मिनिटं. मध्ये कुणी बोलायचं नाही. शेवटी पाळककाका प्रार्थना करतील, काका, चालेल ना? पहिल्या रविवारी दुसरं काहीच नको, फक्त आपापला एक गुण आणि एक जागा सांगू.

निवृत्त_पाळक

आनंदाने.

रात्रपाळी

रविवारी माझी ड्युटी असते, नऊला वॉर्डातच असेन. सोमवारी सकाळी आठला सुटते तेव्हा कुणी दहा मिनिटं बोलायला असेल का?

तिघांची_आई

मी असते, ताई. मुलं साडेसातला शाळेत जातात. नंबर निरोपात पाठवा.